रणगाडे आले नाहीत, तेव्हा

ऐंशीच्या दशकात शाळेत गेलेल्यांना वह्यांची ती कव्हरं आठवत असतील. रशियाहून येणाऱ्या मासिकांचा कागद गुळगुळीत आणि जाड. रद्दीत स्वस्तात मिळायचा आणि ब्राउन पेपरपेक्षा जास्त टिकायचा. त्यामुळे भूगोलाच्या वहीवर ट्रॅक्टर चालवणारी हसरी बाई आणि गणिताच्या वहीवर अंतराळवीर, असं वर्षभर चालायचं. मग एका जूनमध्ये ती मासिकं मिळेनाशी झाली. का, असं विचारलं तर उत्तर आलं, "रशिया फुटला ना."

त्या एवढ्याशा वाक्यात निदान तीन वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या आहेत, आणि अजूनही आपण त्या एकाच दमात सांगतो. पूर्व युरोपातल्या साम्यवादी राजवटी कोसळल्या १९८९ मध्ये. अमेरिका आणि सोव्हिएत संघाचं शीतयुद्ध मिटलं ते साधारण १९८८ ते १९९० या काळात, बरंचसं टेबलावर बसून. आणि सोव्हिएत संघ नावाचा देश नकाशावरून गेला तो डिसेंबर १९९१ मध्ये. बर्लिनची भिंत पडली त्या रात्री सोव्हिएत संघ शाबूत होता. त्याच्याकडे हजारो अण्वस्त्रं होती. एकट्या पूर्व जर्मनीत त्याचे तीन लाखांहून जास्त सैनिक होते आणि ते छावणीतून बाहेर पडले नाहीत.

स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांत 'विघटनाची कारणे' या मथळ्याखाली ग्लासनोस्त, पेरेस्त्रोइका, अफगाणिस्तान, आर्थिक डबघाई अशी चार-पाच टिपणं असतात. त्यात खोटं काही नाही. पण ते सैनिक छावणीतच का बसून राहिले, हे त्यातून कळत नाही. माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे.

दोन पाटलांचं गाव

'द्विध्रुवी राजकारण' हा शब्द जड आहे, गोष्ट ओळखीची आहे. गावात दोन तुल्यबळ पाटील असले की प्रत्येक घर कुठल्या तरी वाड्याशी बांधलेलं असतं. विहिरीचा तंटा असो की लग्नाची पंगत, माणूस 'कुणाचा' ते आधी पाहायचं. दोघांच्याही घरात बंदुका असल्यामुळे पाटील एकमेकांच्या अंगावर जात नाहीत, पण त्यांचे गडी बांधावर डोकी फोडून घेतात. दुसरं महायुद्ध १९४५ मध्ये संपलं आणि जगाचं असं गाव झालं. अमेरिकेच्या वाड्याने १९४९ मध्ये नाटो ही लष्करी आघाडी उभी केली, सोव्हिएत संघाच्या वाड्याने १९५५ मध्ये वॉर्सा करार. बंदुकांच्या जागी अण्वस्त्रं होती. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला दोघांची मिळून साठ हजारांवर गेलेली. डोकी फुटली ती कोरियात, व्हिएतनाममध्ये, अंगोलात, अफगाणिस्तानात. शीतयुद्ध 'शीत' राहिलं ते युरोपातल्या लोकांसाठी.

दोन वाडे असले की मधल्या घरांना थोडा भाव असतो, कारण एकाने नाही म्हटलं तर दुसऱ्याचं दार ठोठावता येतं. नेहरू, टिटो, नासर यांनी १९६१ मध्ये बेलग्रेडला अलिप्ततावादी चळवळीची परिषद भरवली, त्यात तत्त्व होतं तसा हा व्यवहारही होता. पवईची आयआयटी सोव्हिएत मदतीने उभी राहिली, कानपूरची अमेरिकन मदतीने. भिलाईचा पोलाद कारखाना रशियनांनी बांधला, रुरकेलाचा पश्चिम जर्मनांनी. पुढे ९ ऑगस्ट १९७१ ला सोव्हिएत संघाशी वीस वर्षांचा मैत्री करार झाल्यावर आपण कुठल्या वाड्याच्या ओसरीवर जास्त बसतो, हे काही लपून राहिलं नाही.

मात्र दोन्ही वाडे सारखे नव्हते. फ्रान्सने १९६६ मध्ये नाटोच्या लष्करी व्यवस्थेतून अंग काढून घेतलं, तर अमेरिका चरफडली आणि गप्प बसली. हंगेरीने १९५६ मध्ये वॉर्सा करारातून बाहेर पडायचं ठरवलं, तेव्हा बुडापेस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे शिरले. पंतप्रधान इम्रे नाज यांना १९५८ मध्ये फाशी दिली. १९६८ मध्ये चेकोस्लोव्हाकियात 'मानवी चेहऱ्याचा समाजवाद' आणायचा प्रयत्न झाला, पुन्हा रणगाडे. एकदा समाजवादी झालेला देश मागे फिरू शकत नाही, तो फिरू लागला तर आम्ही येऊ, या धोरणाला तेव्हाच्या सोव्हिएत नेत्याच्या नावावरून ब्रेझनेव्ह सिद्धांत म्हणतात. त्यामुळे वॉर्सा किंवा प्रागमधला माणूस आपल्या सरकारबद्दल काय वाटतं यापेक्षा एकाच गोष्टीचा हिशेब करायचा: आपण रस्त्यावर उतरलो तर रणगाडे येतील का? चाळीस वर्षं त्याचं उत्तर 'येतील' असंच होतं.

दुकानात माल का नसायचा

रॉकेलच्या रांगा आणि स्कूटरचा नंबर लागायची वर्षानुवर्षं वाट पाहिलेल्या पिढीला हे चटकन समजेल. ज्याला घाई असेल तो 'ऑन' देऊन स्कूटर घ्यायचा. म्हणजे कागदावरची किंमत एक आणि खरी किंमत दुसरी. आपल्याकडे ही अवस्था ठरावीक वस्तूंची होती. सोव्हिएत संघात जवळजवळ सगळ्याच वस्तूंची होती.

मॉस्कोतली 'गोसप्लान' ही संस्था कुठल्या कारखान्याने काय आणि किती बनवायचं ते ठरवायची. किंमतही सरकारच ठरवणार. बाजारात एखाद्या वस्तूचा तुटवडा झाला की किंमत चढते, मग आणखी लोक ती बनवायला लागतात, हा निरोप्या तिथे नव्हताच. कारखान्याचा व्यवस्थापक गिऱ्हाइकाकडे पाहत नसे, तो उद्दिष्टाकडे पाहायचा. उद्दिष्ट टनात असेल तर वजनदार माल काढायचा, नगात असेल तर बारका. खिळ्यांच्या कारखान्याने टनांचं उद्दिष्ट गाठायला एकच अवाढव्य खिळा बनवला, हा सोव्हिएत लोकांचाच विनोद. पाव इतका स्वस्त ठेवलेला की खेड्यांत तो गुरांना घालणं चाऱ्यापेक्षा परवडायचं. मग शहरात पावाची ओरड, आणि त्यासाठी धान्य अमेरिकेतून आणि कॅनडातून आयात.

माणसं त्यातूनही वाट काढायची. कोटाच्या खिशात एक जाळीची पिशवी कायम असायची, तिचं नाव 'अवोस्का'. 'अवोस' म्हणजे 'नशिबात असेल तर', मिळालंच काही तर असू द्यावी म्हणून घेतलेली पिशवी. रांग दिसली की आधी उभं राहायचं, कशाची आहे ते मागाहून विचारायचं. आणि ओळखीपाळखीने काम काढण्याला 'ब्लात' म्हणत. आपल्या 'वशिला' या शब्दाचा इतका नेमका जुळा भाऊ दुसऱ्या भाषेत क्वचितच सापडेल.

मग हे इतकी वर्षं चाललं कसं? तेलावर. सत्तरच्या दशकात सायबेरियातलं तेल भरघोस निघू लागलं आणि त्याच सुमारास जगात तेलाचे भाव कडाडले. त्या डॉलरांतून धान्य आलं, यंत्रं आली, सैन्याचा अवाढव्य खर्च निघाला, आणि पूर्व युरोपातल्या मित्रांना स्वस्तात तेलही देता आलं. १९८६ मध्ये पिंपाचा भाव तीस डॉलरच्या आसपासून दहाच्या आसपास घसरला, तेव्हा पांघरूण ओढलं गेलं.

तरीही रिकाम्या दुकानांमुळे सत्ता कोसळली, असं सरळ गणित मांडू नये. उत्तर कोरियाने नव्वदच्या दशकात याहून भयंकर दुष्काळ पाहिला आणि तिथली सत्ता आजही उभी आहे. तंगीने एवढंच केलं की दुसऱ्यांच्या देशांत रणगाडे पाठवणं केवढ्याला पडेल, याचा हिशेब मॉस्कोला पहिल्यांदाच करावा लागला.

खिडकी उघडणारा माणूस

नोव्हेंबर १९८२ ते मार्च १९८५ या अडीच वर्षांत ब्रेझनेव्ह, आंद्रोपोव्ह आणि चेर्नेन्को हे तीन वृद्ध नेते पाठोपाठ गेले. त्यानंतर आलेले मिखाईल गोर्बाचेव्ह ५४ वर्षांचे होते. त्यांना साम्यवाद मोडायचा नव्हता, दुरुस्त करायचा होता. हे विसरलं की पुढचं काहीच समजत नाही.

पहिलं मोठं पाऊल दारूविरुद्ध. व्होडकाची दुकानं आणि विक्रीच्या वेळा कमी केल्या. लोक घरी हातभट्टी लावू लागले, बाजारातली साखर गायब झाली, आणि सरकारचा मोठा महसूल बुडाला. त्या काळचा एक विनोद खुद्द गोर्बाचेव्ह पुढे सांगायचे. व्होडकाच्या रांगेत कंटाळलेला एक जण म्हणतो, "पुरे झालं, मी चाललो क्रेमलिनला, त्या गोर्बाचेव्हला गोळी घालतो." तासाभराने तो परत येतो. "काय झालं?" "तिथली रांग याच्यापेक्षा मोठी आहे."

२६ एप्रिल १९८६ ला चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. सरकार गप्प. २८ तारखेला सकाळी स्वीडनमधल्या फोर्समार्क अणुऊर्जा केंद्रात एका कर्मचाऱ्याच्या बुटांमुळे किरणोत्साराची घंटा वाजली, आणि हे आपल्याकडचं नाही असं स्वीडिश लोकांच्या ध्यानात आलं. त्या संध्याकाळी मॉस्कोने त्रोटक बातमी दिली. कीव्हमध्ये १ मेची मिरवणूक ठरल्याप्रमाणे निघाली, त्यात लहान मुलंही होती. गोर्बाचेव्ह टीव्हीवर बोलले ते १४ मे रोजी. खोटं बोलायची सवय लागलेली यंत्रणा स्वतःच्या नेत्यालाही खरं सांगत नाही, हा धडा त्यांना तिथे मिळाला. त्यानंतर ग्लासनोस्त, म्हणजे उघडपणा, खऱ्या अर्थाने सुरू झाला. स्टालिनच्या काळातल्या कत्तली छापून येऊ लागल्या. एकदा आजोबांना कुणी आणि का मारलं हे कळलं की नातू फक्त साखरेबद्दल विचारत नाही.

पेरेस्त्रोइका, म्हणजे पुनर्रचना, मात्र अर्धवट राहिली. कारखान्यांना पगार वाढवायची मोकळीक मिळाली, किमती सरकारीच राहिल्या. लोकांच्या हातात पैसा आला आणि दुकानात होतं तेही संपलं. जुलै १९८९ मध्ये सायबेरियातल्या कुझबासचे खाणकामगार संपावर गेले. त्यांच्या तक्रारींत एक होती साबणाची. दिवसभर कोळशात काम करायचं आणि अंग धुवायला साबण मिळत नाही. कामगारांचं राज्य म्हणवणाऱ्या देशात हा संप झाला.

आता तो रणगाड्यांचा प्रश्न. ७ डिसेंबर १९८८ ला गोर्बाचेव्ह न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांत बोलले. सैन्यात पाच लाखांची कपात करू, पूर्व युरोपातून काही रणगाडा तुकड्या मागे घेऊ, आणि कुठली व्यवस्था हवी ते निवडायचा हक्क प्रत्येक देशाला आहे, त्याला अपवाद नाही. दहा आठवड्यांनी, १५ फेब्रुवारी १९८९ ला, शेवटची सोव्हिएत तुकडी पूल ओलांडून अफगाणिस्तानातून परतली. ज्यांना ऐकायचं होतं त्यांनी ऐकलं.

१९८९

पोलंडने आधी चाचपून पाहिलं. तिथे १९८० मध्येच ग्दान्स्कच्या लेनिन जहाजबांधणी कारखान्यात संप होऊन 'सॉलिडॅरिटी' ही स्वतंत्र कामगार संघटना निघाली होती. लेख वालेसा हा तिचा नेता इलेक्ट्रिशियन. सभासद कोटीच्या घरात. डिसेंबर १९८१ मध्ये जनरल यारुझेल्स्की यांनी लष्करी कायदा पुकारून ती दडपली, पण संपवता आली नाही. १९८९ च्या सुरुवातीला सरकारलाच तिच्याशी गोलमेज बैठकांना बसावं लागलं. ठरलं असं की खालच्या सभागृहातल्या फक्त ३५ टक्के जागा खुल्या, आणि वरचं सभागृह पूर्ण खुलं. सत्ताधाऱ्यांना वाटलं, एवढं दिलं की वाफ निघून जाईल. ४ जूनपासून झालेल्या मतदानात सॉलिडॅरिटीने खालच्या सभागृहातल्या सगळ्या खुल्या जागा जिंकल्या आणि वरच्या १०० पैकी ९९. ऑगस्टमध्ये सॉलिडॅरिटीचे मझोव्हिएत्स्की पंतप्रधान झाले. मॉस्कोतून रणगाडा आला नाही.

त्याच ४ जूनला बीजिंगमध्ये आले. तिआनआनमेन चौकाच्या भोवती चिनी सैन्याने लोकशाही मागणाऱ्या आपल्याच लोकांवर गोळ्या चालवल्या. हा एकच दिवस नीट लक्षात ठेवला तरी पुष्कळ उलगडतं. एकाच तारखेला दोन साम्यवादी सत्तांसमोर तोच प्रश्न होता, आणि दोन उत्तरं निघाली. चीनमधला पक्ष आजही सत्तेत आहे.

हंगेरीला सीमेवरच्या विजेच्या कुंपणाची देखभाल परवडेना, म्हणून मे १९८९ मध्ये त्यांनी ऑस्ट्रियाच्या बाजूचं कुंपण काढायला घेतलं. पंतप्रधान नेमेथ यांनी आधी मॉस्कोला कानावर घातलं होतं, हरकत आली नाही. पूर्व जर्मनीचे लोक सुट्टीला हंगेरीतल्या बालाटॉन तळ्यावर जायचे. त्या उन्हाळ्यात ते परत जाईनात. १९ ऑगस्टला शोप्रोनजवळ सीमेवर सहल भरली, तिथलं फाटक थोडा वेळ उघडलं आणि सहाशेच्या आसपास माणसं पळत पलीकडे गेली. सैनिकांनी पाठ फिरवली. ११ सप्टेंबरला सीमा उघडलीच. म्हणजे बर्लिनची भिंत प्रत्यक्ष पडायच्या आधी तिला लांबून वळसा घालायचा रस्ता झाला होता.

ज्यांना जायचं नव्हतं ते लाइपझिगमध्ये दर सोमवारी सेंट निकोलस चर्चमधल्या प्रार्थनेनंतर रस्त्यावर उतरायचे. ९ ऑक्टोबरला सत्तर हजारांच्या आसपास लोक जमले. त्या रात्री 'चिनी उत्तर' मिळणार अशी धास्ती सगळ्यांना होती. गोळी सुटली नाही. नऊ दिवसांनी पूर्व जर्मनीचे सर्वोच्च नेते एरिक होनेकर पायउतार झाले.

आणि मग ९ नोव्हेंबरची संध्याकाळ. पक्षाचे प्रवक्ते ग्युंटर शाबोव्स्की पत्रकारांसमोर बसले होते. परदेश प्रवासाच्या नव्या नियमांचा कागद त्यांच्या हाती थोडा वेळ आधी आलेला. नियम ठरले त्या चर्चेला ते हजर नव्हते, आणि ही बातमी दुसऱ्या दिवशी पहाटे द्यायची होती हेही त्यांना कुणी नीट सांगितलेलं नव्हतं. परिषद संपत आली असताना त्यांनी तो कागद वाचून दाखवला. कुणीतरी विचारलं, लागू कधीपासून? शाबोव्स्कींनी चष्मा सावरत कागद उलटसुलट केले आणि म्हणाले, माझ्या माहितीप्रमाणे लगेच, ताबडतोब. हे टीव्हीवर थेट चाललं होतं. पश्चिम जर्मनीच्या रात्रीच्या बातम्यांत भिंत उघडल्याचं सांगितलं, आणि पूर्वेतले लोक त्या बातम्या पाहायचेच.

बोर्नहोल्मर रस्त्यावरच्या नाक्यावर हाराल्ड येगर हा अधिकारी ड्यूटीवर होता. गर्दी वाढत गेली तसा तो वरच्यांना फोन करत राहिला. वरून सांगितलं, फार आरडाओरडा करतात त्यांना सोडा, पण पासपोर्टवर असा शिक्का मारा की परत येता येणार नाही. आरडाओरडा केला की सोडतात हे पाहून मागचे आणखी ओरडू लागले. साडेअकराच्या सुमारास येगरने आपल्या जबाबदारीवर फाटक उघडलं. १३ ऑगस्ट १९६१ ला बांधायला घेतलेली, ओलांडताना निदान १४० माणसांचा जीव घेतलेली ती भिंत अशी एका सरकारी घोटाळ्यात उघडली. कारकुनी गोंधळाला एवढं मोठं फळ आल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

पुढचं भराभर झालं. दुसऱ्या दिवशी बल्गेरियाचे साम्यवादी नेते झिवकोव्ह पायउतार झाले. प्रागच्या चौकात लोकांनी किल्ल्या खुळखुळवून सरकारला 'घरी जा' म्हटलं, आणि वर्षाच्या सुरुवातीला तुरुंगात असलेले नाटककार वात्स्लाव हावेल २९ डिसेंबरला राष्ट्राध्यक्ष झाले. रक्त सांडलं ते रोमानियात. तिथले हुकूमशहा चाउशेस्कू आणि त्यांच्या पत्नीला २५ डिसेंबरला गोळ्या घातल्या.

दुसरा पाटील हात वर करतो

भिंतीच्या फोटोंमुळे आपल्याला वाटतं की द्विध्रुवी जग बर्लिनमध्ये संपलं. ते संपल्याचं रोखठोक दिसलं आखातात. २ ऑगस्ट १९९० ला इराकने कुवेत गिळलं. सद्दामचा इराक हा सोव्हिएत शस्त्रांवर पोसलेला, जुन्या हिशेबाने 'त्यांचा माणूस'. दुसऱ्याच दिवशी मॉस्कोच्या विमानतळावर सोव्हिएत परराष्ट्रमंत्री शेवर्दनाद्झे आणि अमेरिकेचे जेम्स बेकर शेजारी उभे राहिले आणि दोघांनी मिळून इराकचा निषेध केला. २९ नोव्हेंबरला सुरक्षा परिषदेत इराकविरुद्ध बळाचा वापर करायची मुभा देणारा ठराव आला. सोव्हिएत संघाने बाजूने हात वर केला. चीन तटस्थ राहिला, विरोधात फक्त क्यूबा आणि येमेन. दोन पाटलांपैकी एकाने आपल्या माणसाची पाठराखण सोडली की गाव दोन पाटलांचं राहत नाही.

याचा झटका मुंबईपर्यंत पोचला. १९९१ च्या जानेवारीत चंद्रशेखर सरकारने अमेरिकन लष्करी वाहतूक विमानांना भारतात इंधन भरू दिलं. मुंबई, मद्रास आणि आग्रा इथे ती उतरत होती. दहा वर्षांपूर्वी अशी कल्पनाही कुणी केली नसती. काँग्रेसने गदारोळ केला आणि फेब्रुवारीत ते थांबलं. पण तत्त्वांवरून भांडण चाललं होतं तेव्हा तिजोरीत आयातीला पुरतील एवढेही डॉलर उरत नव्हते, हे दोन्हीकडच्यांना ठाऊक होतं.

थोरल्या भावाने मागितलेली वाटणी

आता तो तिसरा भाग. सोव्हिएत संघ पंधरा प्रजासत्ताकांचा. सर्वांत आधी बाल्टिक देशांनी उचल खाल्ली. २३ ऑगस्ट १९८९ ला एस्टोनिया, लॅटव्हिया आणि लिथुआनियातल्या सुमारे वीस लाख लोकांनी हातात हात घालून सहाशे किलोमीटरहून लांब साखळी केली. हिटलर आणि स्टालिनने त्यांची वाटणी केली त्या कराराला त्या दिवशी पन्नास वर्षं झाली होती. जानेवारी १९९१ मध्ये विल्नियसमध्ये रणगाडे आलेही, माणसं मेलीही. पण नंतर माघार घेतली.

तीन चिमुकले देश गेले तरी सोव्हिएत संघ उरला असता. तो मोडला कारण रशियालाच तो नकोसा झाला. एकत्र कुटुंबात धाकटे वेगळं व्हायचं म्हणतात, हे नेहमीचं. इथे थोरल्या भावानेच वाटणी मागितली. रशिया प्रजासत्ताकाचे नेते बोरिस येल्त्सिन यांना गोर्बाचेव्हना हटवायचं होतं. सोव्हिएत संघाची खुर्ची मिळत नाही तर त्या खुर्चीखालचा संघच काढून घ्यायचा, हा त्यांचा डाव. १२ जून १९९० ला रशियाने स्वतःला सार्वभौम जाहीर केलं, आणि बरोबर वर्षाने येल्त्सिन रशियाचे निवडून आलेले अध्यक्ष झाले. गोर्बाचेव्ह जनतेच्या मतावर कधीच निवडून आले नव्हते.

सामान्य लोकांना फुटायचं होतं का? १७ मार्च १९९१ ला सार्वमत झालं. सहा प्रजासत्ताकांनी त्यावर बहिष्कार घातला, पण बाकीच्यांत तीन चतुर्थांशांहून जास्त मतं संघ टिकवण्याच्या बाजूने पडली. युक्रेनमध्येही बहुमत बाजूने. अमेरिकेलाही संघ फुटायला नको होता. इतकी अण्वस्त्रं कुणाकुणाच्या हाती जाणार? १ ऑगस्टला अमेरिकेचे अध्यक्ष थोरले बुश युक्रेनच्या राजधानीत, कीव्हमध्ये जाऊन आत्मघातकी राष्ट्रवादापासून सावध राहा, असं सांगून आले. 'अमेरिकेने रशिया फोडला' असं चहाच्या टपरीपासून चॅनेलपर्यंत ऐकू येतं. असं म्हणणाऱ्यांनी हे भाषण जरूर पाहावं.

अठरा दिवसांनी सगळं उलटलं. १९ ऑगस्टला कडव्या नेत्यांनी गोर्बाचेव्हना क्रिमियातल्या फोरोसच्या बंगल्यात कोंडलं आणि आणीबाणी पुकारली. टीव्हीवर बातम्यांच्या जागी बॅले नृत्य. पत्रकार परिषदेत बंडाचे म्होरके यानायेव्ह यांचे हात थरथरत होते, ते अख्ख्या देशाने पाहिलं. मॉस्कोच्या रस्त्यांवर रणगाडे आले होते, आणि येल्त्सिन त्यातल्याच एकावर चढून बोलले. तीन तरुण मेले. मात्र मोठा हल्ला करायचा हुकूम द्यायची किंवा पाळायची तयारी कुणाचीच नव्हती. तीन दिवसांत बंड विझलं. रामटेकचे दोनदा खासदार राहिलेले आपले नवे पंतप्रधान नरसिंह राव यांनी मधल्या काळात, घाईने सुधारणा करणाऱ्यांना हा इशारा आहे, अशा अर्थाचं काहीतरी बोलून स्वतःची पंचाईत करून घेतली.

बंड वाचवायला निघालं होतं संघ आणि पक्ष. दोन्ही त्यानेच मारले. मॉस्कोत उद्या कोण येईल याचा भरवसा नाही, म्हटल्यावर प्रत्येक जण दाराकडे धावला. मार्चमध्ये संघाला हो म्हणणाऱ्या युक्रेनने १ डिसेंबरच्या सार्वमतात ९० टक्क्यांहून जास्त मतांनी स्वातंत्र्य निवडलं. ८ डिसेंबरला बेलारूसच्या जंगलातल्या सरकारी विश्रामगृहात येल्त्सिन, युक्रेनचे क्राव्हचुक आणि बेलारूसचे शुश्केविच यांनी सोव्हिएत संघ संपल्याच्या कागदावर सह्या केल्या. २५ डिसेंबरला गोर्बाचेव्ह राजीनाम्यावर सही करायला बसले तर पेन चालेना. समोर चित्रीकरणासाठी आलेल्या अमेरिकन वाहिनीच्या प्रमुखाने आपलं दिलं.

मग गिऱ्हाइकांचं काय झालं

वाडा बंद झाला की त्याच्यावर जगणारी घरं उघडी पडतात. क्यूबात स्वस्त तेल यायचं थांबलं आणि लोक सायकली चालवू लागले. काबूलमध्ये नजीबुल्लांचं सरकार सोव्हिएत सैन्य गेल्यावरही तीन वर्षं टिकलं होतं, पण मदत बंद झाल्यावर एप्रिल १९९२ मध्ये पडलं. खुद्द रशियात २ जानेवारी १९९२ ला किमती मोकळ्या सोडल्या आणि म्हाताऱ्यांची आयुष्यभराची बचत काही महिन्यांत कवडीमोल झाली. १९९४ पर्यंत रशियन पुरुषांचं सरासरी आयुर्मान साठीच्याही खाली गेलं. 'स्वातंत्र्य' या शब्दाबद्दल तिथल्या पुष्कळांच्या मनात जी अढी आहे, तिचं मूळ या वर्षांत आहे.

आपल्याकडे सोव्हिएत संघाशी व्यापार रुपया-रूबलमध्ये चालायचा, डॉलर लागत नसत. चहा, चामडं, तयार कपडे तिकडे जायचे, तेल आणि शस्त्रं इकडे यायची. १९९०-९१ मध्ये आपल्या निर्यातीचा साधारण सहावा हिस्सा तिकडे जात होता, तो बघता बघता आटला. त्याच १९९१ च्या जुलैत मुंबईतून रिझर्व्ह बँकेचं ४७ टन सोनं गहाण ठेवायला विमानाने परदेशी गेलं. त्या संकटाचं तात्कालिक कारण आखातातलं महागडं तेल होतं, पण मागे वळून ज्याच्याकडे पाहायचं तो दुसरा वाडा आता उरला नव्हता. २९ जानेवारी १९९२ ला भारताने इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध जोडले. भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे एक संस्थापक कॉम्रेड श्रीपाद अमृत डांगे हे पाहायला नव्हते, ते २२ मे १९९१ ला मुंबईत वारले.

सर्वांत चिवट दुखणं ठरलं सुट्या भागांचं. आपलं हवाई दल सोव्हिएत विमानांवर उभं होतं, नाशिकजवळ ओझरला तर मिग-२१ बनायचीच. पूर्वी सगळ्यासाठी एक पत्ता होता, मॉस्को. संघ फुटल्यावर आयएल-७६ ही वाहतूक विमानं बनवणारा कारखाना उझबेकिस्तानात, ताश्कंदला. एएन-३२ या दुसऱ्या वाहतूक विमानाची मूळ कंपनी युक्रेनमध्ये, कीव्हला. एका विमानाचे भाग दोन-तीन देशांतून जमवायचे, आणि ते देश एकमेकांशी धड बोलत असतील तर. मिग-२१ ला २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडमध्ये निरोप दिला. एएन-३२ अजून उडतात. त्यांच्या आधुनिकीकरणाचा करार २००९ मध्ये युक्रेनशी झाला होता. विमानं तुकड्या-तुकड्यांनी कीव्हला जाऊन येत होती. उरलेली कानपूरला करायची होती. २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया घेतला आणि सुटे भाग वाटेत अडकले.